काच फुटली, क्लेम करू का?



गावाकडच्या रस्त्यावर गाडीच्या काचेला दगड लागणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुढे खडीचा डंपर चाललेला असतो, ताडपत्री अर्धीच ओढलेली. एक खडा उडतो, टक्‌कन आवाज येतो आणि समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उठते. घरातली माणसं म्हणतात, "फुल इन्शुरन्स आहे, क्लेम टाकू." गॅरेजवालाही तेच सांगतो, "ताई, तुमच्या खिशातून काही जात नाही."

जातं, मैत्रिणींनो. आज जात नाही, पुढच्या वर्षी जातं. पुढच्या वर्षी जातं म्हणून ते काचेपायी गेलं हे कुणाच्या लक्षात येत नाही. आज आपण तोच हिशोब मांडणार आहोत. गाडीचा विषय बायकांचा नाही असं म्हणणारे अजून आहेत. पण गाडीचं कर्ज, पेट्रोल, मुलांची फी, किराणा या सगळ्याचा मेळ शेवटी कोण घालतं? आणि बचत गटात व्याजाचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला हा हिशोब काही अवघड नाही. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी पॉलिसीचा कागद उघडा. फुल इन्शुरन्स म्हणतात त्यात दोन वेगळे भाग असतात, आणि दोघांचे पैसेही वेगळे लिहिलेले असतात. एक थर्ड पार्टी. म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कुणी दगावलं किंवा त्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, रक्कम तीच. जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये असे होते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. कागदावर तो 'ओन डॅमेज' किंवा नुसता 'ओडी' असा दिसेल. काच या दुसऱ्या भागात येते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला.

आता या ओडीच्या रकमेखाली एक ओळ असते, 'नो क्लेम बोनस'. नाव बोनस आहे, पण दिवाळीसारखा हातात काही पडत नाही. ती सूट आहे. वर्षभरात एकही क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी ओडीच्या रकमेवर २० टक्के सूट. सलग दोन वर्षं क्लेम नाही, तर २५ टक्के. तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही, पन्नासवरच राहते. थर्ड पार्टीच्या रकमेवर ही सूट नसते, फक्त ओडीवर.

आणि एकदा क्लेम केला की? शून्य. सापशिडीत अठ्ठ्याण्णववरच्या सापाने गिळावं तसं. पाच वर्षं चढून गेलेली बाई एका काचेपायी खाली येते. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. क्लेम केवढा होता हे हा नियम बघत नाही. गाडी उलटून दोन लाखांचा क्लेम केला तरी बोनस शून्य, आणि पाच हजारांची काच बदलली तरी शून्यच.

चला, आता आकडे लिहा. समजा आपल्या छोट्या गाडीच्या ओडीची रक्कम, सूट धरण्याआधी, ८,००० रुपये आहे. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून ५० टक्के सूट मिळते, म्हणजे भरतो ४,०००. काच फुटली, क्लेम केला. पुढच्या वर्षी सूट नाही, पूर्ण ८,००० भरायचे. तोटा ४,०००. लोक इथेच थांबतात, म्हणतात, काच सहा हजारांची, तोटा चारचा, चला, फायदाच झाला. पण बोनस लगेच पन्नासवर परत येत नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढतो. त्याच्या पुढच्या वर्षी सूट २० टक्के, मिळायला हवी होती ५०. फरक ३० टक्के, २,४०० रुपये. तिसऱ्या वर्षी २५ टक्क्यांचा फरक, २,०००. चौथ्या वर्षी १५ टक्क्यांचा, १,२००. पाचव्या वर्षी ५ टक्क्यांचा, ४००. करा बेरीज. चार हजार, चोवीसशे, दोन हजार, बाराशे आणि चारशे. दहा हजार रुपये! वर जीएसटी वेगळा. गाडी जुनी होते तशी ओडीची रक्कम दरवर्षी थोडी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा यापेक्षा काहीसा कमी भरेल. पण सहा हजारांची काच फुकट बसली असं म्हणणं किती खोटं आहे, ते कळायला एवढं पुरे.

शिवाय सहा हजारांचे सहा हजार मिळतही नाहीत. प्रत्येक क्लेममध्ये पहिली काही रक्कम आपल्यालाच सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती १,००० रुपये असते, त्यावरच्या कारला २,०००. काचेवर मात्र घसारा धरत नाहीत, म्हणजे गाडी जुनी असली तरी काचेची किंमत कापत नाहीत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण काचेभोवतीचं रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांचे निम्मेच पैसे मिळतात. तर साधारण पाच हजारांच्या आत मिळणार, आणि त्यापायी दहाच्या आसपास घालवणार.

म्हणजे काचेचा क्लेम कधी करूच नये का? तसं नाही. नवी गाडी आहे, पहिलंच वर्ष आहे, बोनस अजून सुरूच झालेला नाही, तर गणित वेगळं होतं. त्याच ८,००० च्या ओडीवर क्लेम केलेली आणि न केलेली अशी दोन्ही खाती शेजारी मांडली, तर पाच वर्षांतला फरक येतो ४,००० रुपये. मिळणारे जवळपास पाच. इथे क्लेम केला तरी फार बिघडत नाही. आणि हल्लीच्या काही महाग गाड्यांच्या समोरच्या काचेला आतून कॅमेरा आणि सेन्सर असतात. ती काच छोट्या गाडीच्या काचेच्या कितीतरी पट महाग. तिथे बोनसचा विचार करत बसू नये, विमा असतो तो अशाच खर्चासाठी. खड्ड्यात आपटून काचेबरोबर बंपर, दिवा, बॉनेट असं सगळंच गेलं असेल, तर तो सगळा मिळून एकच क्लेम होतो. तोही जरूर करावा. माझं म्हणणं एवढंच की फोन उचलायच्या आधी वही उचला. गॅरेजमधून काचेचा दर घ्या, पॉलिसीवरून ओडीची रक्कम आणि बोनसचा टक्का घ्या, मग ठरवा. गॅरेजवाल्याला काच बसवण्याचे पैसे मिळतात, ते कंपनीने दिले काय अन् तुम्ही दिले काय, त्याला सारखेच. त्याच्या सल्ल्यावर हे ठरवू नये.

काही कंपन्या जादा पैसे घेऊन असं कलम देतात की ठरावीक क्लेम केला तरी बोनस जात नाही. काही ठिकाणी फक्त काच, फायबर, प्लॅस्टिक, रबर यांच्या दुरुस्तीपुरती अशी सवलत असते. इथे 'दुरुस्ती' आणि 'बदलणं' या दोन शब्दांत फरक आहे. तडा भरून घेणं ही दुरुस्ती, नवी काच बसवणं ही बदली, आणि कलम कुठलं मान्य करतं ते कंपनीगणिक वेगळं. एजंट तोंडी "हो हो, सगळं कव्हर" म्हणेल. त्याला म्हणावं, पॉलिसीत ती ओळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. वर्षातून किती वेळा चालतं तेही विचारा. 'झिरो डेप' नावाचं जे कलम बहुतेक जण घेतात, ते बोनस वाचवत नाही. ते फक्त घसारा वाचवतं. या दोन्हींची गल्लत भलेभले करतात.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे तडा लहान असतानाच भरून घेणं. समोरची काच एकसंध दिसली तरी ती दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा अशी असते. म्हणून ती बाजूच्या काचेसारखी भुगा होऊन अंगावर पडत नाही, जागच्या जागी तडकते. नाण्याएवढा टवका असेल तर त्यात राळेसारखं द्रव्य भरून तो जागीच थांबवता येतो. नव्या काचेच्या मानाने त्याला फार थोडे पैसे पडतात. पण वेळ घालवला तर उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत बसतो, कुणी धुताना गार पाणी मारतं, आणि सकाळचा टवका संध्याकाळी हातभर लांब होतो. मग भरून चालत नाही. चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर तडा असेल तर मात्र पैसे वाचवायला जाऊ नका, काच बदला.

क्लेम करायचंच ठरलं तर काच बदलण्याआधी कंपनीला कळवा. आधी बदलून मग बिल पाठवलं, तर सर्व्हेअर बघणार काय? फुटलेल्या काचेचे फोटो काढा, त्यात गाडीचा नंबर दिसू द्या. आरसी, पॉलिसी आणि त्या वेळी जो चालवत होता त्याचं चालू लायसन्स जवळ ठेवा. क्लेमचा नंबर लिहून घ्या. आणि एक सांगते, कडू वाटेल. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडं घेऊन बाजाराला बायका न्यायच्या आणि त्या फेरीत काच फुटली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. तो विमा घरच्या वापरापुरता असतो.

जुनी गाडी घेतलेल्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण आपल्याकडे बहुतेकींच्या दारात जुनीच गाडी आली आहे. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. पुष्कळ घरांत आरसी नवऱ्याच्या नावावर आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, असं वर्षभर चालतं. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण काच फुटली की कंपनी म्हणते, तुमचा आमचा करारच नाही. आणि जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. नावबदल करताना त्याच्या सुटीची उरलेल्या महिन्यांची रक्कम तुम्हाला भरावी लागते. हीच गोष्ट उलट बाजूने आपल्या फायद्याची आहे. आपली गाडी विकली तर कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि नवी कार घेतली की तीच सूट तिच्यावर लागते. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही.

मुदत संपल्यावर ९० दिवसांत पॉलिसी नवी केली नाही, तर क्लेम न करताही बोनस जातो. मध्ये खंड पडला की कंपनी गाडी तपासून घेते, आणि काचेला आधीच तडा असेल तर तशी नोंद होते. त्या तड्याचे पैसे मग मिळत नाहीत.

कुणी असाही सल्ला देईल की क्लेम झाला ना, मग पुढच्या वर्षी कंपनी बदला आणि क्लेम नव्हता म्हणून लिहून द्या, सूट मिळेल. हे अजिबात करू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते. खोटं निघालं तर त्या वर्षाचं ओडीचं संरक्षणच हातचं जातं, म्हणजे दोन हजारांच्या सुटीसाठी दोन लाखांचा क्लेम बुडतो. कंपनी बदलायला हरकत काहीच नाही. ओडीचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारावंच. फक्त खरं सांगून.

आणि हक्काचा क्लेम कंपनीने नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा आणि तिची पोच ठेवा. विमा नियामकाचा १५५२५५ हा फोन क्रमांक आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे अशा दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून कंपनीचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही तारखेसाठी जपून ठेवा.