तास संपल्यानंतरचे शिक्षण



महाविद्यालयाचे तास संपताच विद्यार्थ्यांच्या दोन वाटा होतात. काही एस.टी. वा लोकल गाठण्यासाठी धावतात, काही वसतिगृहाकडे वळतात. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर सहा दिवसांच्या आठवड्यात अठरा तास खर्ची पडतात. घरचे सकस जेवण, आईवडिलांचा सहवास व पैशांची बचत हे घरून जाण्याचे लाभ निर्विवाद आहेत. तथापि, जमाखर्चाच्या वहीत न मावणारी एक जमा वसतिगृहाच्या पदरी असते. ती म्हणजे सहजीवनाचे शिक्षण.

खेड्यातील मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर शिक्षणाचे दारच बंद, हे जाणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. तेथील जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचे भाऊराव पाटील राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकत्र राहिल्याने उदारता आपोआप येत नाही, हा त्यातील बोध समाजाने नम्रपणे स्वीकारावा.

भाऊरावांनी मात्र कटुता न धरता या अनुभवाचे सोने केले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, कामे वाटून घेत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिनेच नव्हे, मंगळसूत्रही दिले. पुढे १९४७ साली साताऱ्यात स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेने गरीब मुलांना श्रमाच्या बळावर पदवीपर्यंत नेले.

वर्गात शिक्षक विषय शिकवितो. खोलीतील सोबती माणूस वाचायला शिकवितो. आजाऱ्याची शुश्रूषा, परीक्षेच्या रात्रीचा धीर, मतभेद मिटविण्याची हातोटी यांचे तास वेळापत्रकात नसतात. मात्र सारे सोबती एकाच घडणीचे असतील, तर हा लाभ निम्मा होतो.

म्हणून वसतिगृह उभारणाऱ्यांनी खोल्या किती, एवढेच मोजू नये. एका खोलीत कोण कोण शेजारी झोपणार, याचाही विचार करावा. दात्याच्या दानाचे खरे सार्थक त्यातच आहे.