बनावट दस्तऐवजाचा गुन्हा : स्वभाव आणि पुनर्वसन
(भाषणाचा मजकूर)

गुन्हेगार म्हटला की डोळ्यांपुढे शस्त्रधारी दरोडेखोर उभा राहतो. बनावट दस्तऐवज करणारा या चित्रात बसत नाही. तो बहुधा लिहितावाचता, मृदुभाषी आणि कचेरीच्या कामकाजात मुरलेला असतो. शिक्का कोठे उमटतो, जावक क्रमांक कसा पडतो, कोणता कागद कोणी पडताळून पाहत नाही, हे त्याला ठाऊक असते. आपण कोणाच्या अंगाला हात लावला नाही, अशी स्वतःची समजूतही तो सहज घालतो.

ही समजूत किती पोकळ आहे, हे कल्याण-डोंबिवलीत दिसून आले. महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. खोट्या कागदाची झळ अखेर त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना पोहोचली. दोषी माणसाच्या सुधारणेचा आरंभ ही झळ त्याला उमगण्यापासून व्हावयास हवा.

कायदाही सर्वांना एकाच मापाने मोजत नाही. साध्या बनावटीकरणास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. मृत्युपत्र किंवा मौल्यवान रोखा बनावट केल्यास शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. सौम्य प्रकारच्या पहिल्या अपराधात न्यायालय १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमान्वये ताकीद देऊन किंवा सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकते. अशा व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे कलम १२ सांगते.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेल्या किल्ल्यात आहे. तेथे बंदी सुतारकाम, शिवणकाम करतात. लेखणीत निष्णात असलेल्या माणसाला रंधा कशाला, असे कोणी विचारील. परंतु लाकडाचा सैल जोड कोणत्याही शिक्क्याने घट्ट होत नाही. खरेपणाचा हा धडा त्याच्या हातालाच मिळतो.

सुटकेनंतर मात्र प्रश्न कौशल्याचा नसून विश्वासाचा असतो. त्याला काम द्यावे, पण आरंभी एकट्याच्या सहीवर व्यवहार सोपवू नये; पडताळणी सर्वांच्याच कागदांची व्हावी, म्हणजे ती त्याला अपमान वाटणार नाही. शक्य तेवढी नुकसानभरपाई त्याने स्वकष्टाने द्यावी. त्याच्या मुलांना शाळेत बापाच्या गुन्ह्यावरून कोणी हिणवू नये, हे शिक्षकांनी पाहावे. गावाने दार बंद केले, तर जुनी विद्या त्याला जुन्याच वाटेने नेईल. ते दार किती आणि केव्हा उघडावयाचे, हे पंचायत, शाळा आणि कचेरी यांच्या हाती आहे.