परदेशीं गेलेलीं आपलीं कुटुंबें

(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



ह्या आनंदाच्या दिवशीं, जे आपल्यांत नाहींत त्यांची आठवण होणें साहजिक आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें नोकरीनिमित्त परदेशीं आहेत. त्यांच्या संसाराविषयीं दोन शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

पोप बारावे पायस ह्यांनीं १९५२ सालीं स्थलांतरितांविषयीं जें विधान प्रसिद्ध केलें, त्याच्या आरंभींच मिसर देशीं पळालेल्या पवित्र कुटुंबास सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटलें आहे.

परदेशीं मूल शाळेंत जातें व तेथील भाषा लवकर बोलूं लागतें. आई मागें राहते. मग दवाखान्यांत, कचेरींत मुलगाच दुभाष्या होतो. शाळेंतून आलेली त्याच्याच तक्रारीची चिठ्ठीहि तोच वाचून दाखवितो! घरांतील वडीलकी अशी हळूहळू उलटते.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मायामी शहरीं होसे सापोच्निक व त्यांचे सहकारी क्युबाहून आलेल्या कुटुंबांत काम करीत होते. मुलें नवी रीत झपाट्यानें उचलतात, आईबाप जुनी अधिकच घट्ट धरतात व कलह वाढतो, असें त्यांस आढळलें. त्यांनीं सर्व कुटुंबास एकत्र बसविलें. दोष एकमेकांत न शोधतां दोन रीतींमधील अंतरांत शोधावा, व दोघांनींहि दोन्ही रीती शिकाव्या, हा त्यांचा उपाय.

महाराष्ट्रांतील उदाहरण बेने इस्राएल लोकांचें. १९४८ नंतर ते इस्राएलास गेले. आपलें यहूदीपण पूर्णपणें मान्य व्हावें म्हणून त्यांस झगडावें लागलें. १९६४ सालीं तेथील संसदेनें त्यांच्या बाजूनें ठराव केला. तरी त्यांनीं मराठी टाकली नाहीं. 'मायबोली' हें मराठी नियतकालिक तेथें काढलें.

आतां आमचा स्वतःचा दोष सांगतों. रविवारीं दूरध्वनीवर आम्ही नातवास विचारतों, "मिस्सेला गेलास का? मराठी विसरलास का?" आणि त्याच्यादेखत त्याच्या आईस बोल लावतों. परक्या मुलुखांत आधींच डळमळलेला तिचा अधिकार आम्ही येथें छत्रपति संभाजीनगरांत बसून आणखी हलवितों.

म्हणून विनंती अशी कीं, सुनेस सांगावयाचें तें एकांतीं सांगावें. दवाखान्यांत मोठा दुभाष्या मागण्यास मुलांस सुचवावें. कलह विकोपास गेल्यास कुटुंबानें जाणत्या समुपदेशकाकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. आपल्या देशांतहि बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेंत कुटुंबांसाठीं स्वतंत्र मनोपचार केंद्र आहे.

परक्या देशीं ज्यानें मरिया, योसेफ व बाळ येशू ह्यांस एकत्र राखलें, तो परमेश्वर आपल्या दूरच्या लेकरांसहि एकत्र राखो.