शस्त्रावरची अक्षरे



शस्त्रांविषयी बोलावयाचे म्हटले की लढायांच्या कथा अपेक्षिल्या जातात. आज मला बोलावयाचे आहे ते धारेविषयी नव्हे, शस्त्रावर कोरलेल्या अक्षरांविषयी.

29 एप्रिल 2025 रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली, सर्व खर्च धरून सुमारे 47 लाख 15 हजार रुपयांस. ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते सरळ, एकधारी, युरोपात घडविलेले. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीची. तिच्यावर देवनागरीत श्रीमंत रघोजी भोसले हे नाव, सेनासाहेबसुभा हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब, आणि पुढे ‘फिरंग’ असा शब्द आहे. विलायती पात्याच्या तलवारीस आपले लोक फिरंग म्हणत. म्हणजे धनी कोण, त्याचा हुद्दा काय आणि वस्तू कोणती, हे सारे त्या एका ओळीत आले! ती ओळ नसती तर तलवार ‘मराठी बनावटीची, अठरावे शतक’ एवढ्याच वर्णनाने कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा खाजगी नौकेवरच्या काचेच्या कपाटात गेली असती. बंगाल-ओरिसापर्यंत धडक मारणाऱ्या पहिल्या रघूजींची ती आहे, हे कोणास कळते?

आपला या तलवारीशी संबंध काय, असे कोणी विचारील. सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. नागपूर वसविणारा बख्त बुलंद त्याच घराण्यातला. पुढे रघूजींनी देवगडचा कारभार हाती घेतला आणि आपण भोसल्यांच्या राज्यात आलो. 1817 साली सीताबर्डीची लढाई झाली. तलवार त्या वेळच्या लुटीत किंवा नजराण्यात गेली असावी, असा जाणकारांचा तर्क आहे. 1854 मध्ये राज्यच खालसा झाले आणि राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले. 1956 साली नागपूर एका राज्यात गेले व आपण दुसऱ्यात राहिलो, हे खरे. पण तलवारीवरची अक्षरे त्या वाटणीच्या फार आधीची आहेत.

जिंकणाराही अक्षरे कोरतो, बरे का. टिपू सुलतानाची जी तलवार 2023 च्या मे महिन्यात लंडनमध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांस विकली गेली, तिच्यावर ती जनरल बेअर्ड यास भेट दिल्याचा इंग्रजी मजकूर आहे. धनी टिपू, आणि पावती मात्र दुसऱ्याच्या नावाची!

आता आपल्या घरातल्या वस्तूंकडे येतो. जुन्या वाड्यांतून अजून एखादी तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक निघते. दसऱ्याला ती खाली काढायची, लिंबू-राख लावून लखलखीत करायची, ही आपली रीत. पूजेस माझी ना नाही. पण त्या घासण्याने किती अक्षरे गेली असतील! कोफ्तगरीचे काम म्हणजे लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविलेली असते. सोन्याचा थर अतिशय पातळ. चार पिढ्या राखेने घासल्यावर राहणार काय? बंदुकीच्या नळीवर मागच्या बाजूस, चापाजवळच्या पट्टीवर, तलवारीच्या मुठीच्या आतल्या अंगास पाहावे. कारागिराची खूण किंवा आकडे बहुधा तिथे असतात. कोरडे मऊ फडके आणि तेलाचा हलका हात, एवढे पुरे. अक्षरे दिसली तर तिरप्या उजेडात छायाचित्र काढून ठेवावे.

एक व्यवहाराची गोष्ट. जुनी आहे म्हणून प्रत्येक बंदूक परवान्यातून सुटत नाही. 1959 चा शस्त्र कायदा दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच पुरातन बंदुकीस सोडतो. चालण्याजोगी असेल तर परवाना हवाच. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसास देशाबाहेर विकता येत नाही. दारी येणारा भंगारवाला हे सांगत नाही. तो वजनाने भाव करतो आणि लोखंडाचे पैसे मोजून जातो.