गौरी म्हणजे गोरी काय?



पेण म्हटले की गणपती आठवतात. पण गणपतीच्या मागोमाग अनुराधा नक्षत्रावर जी घरी येते, तिच्या नावाविषयी मी बोलणार आहे. गौरी म्हणजे गोरी, असे आपण धरून चालतो. सावळी मुलगी पाहून नाक मुरडणाऱ्यांना मग देवीचे नावही हाताशी सापडते!

संस्कृतात ‘गौर’ म्हणजे पांढरा, तसाच पिवळा आणि तांबूसही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात गौरी येते ती शंकराची पत्नी म्हणून नव्हे. तेथे ती हंबरते आणि पाणी घडवते. ‘अमरकोशा’त पार्वतीच्या नावांत गौरी आणि काली शेजारीशेजारी बसल्या आहेत. मत्स्यपुराण सांगते, शंकराने काळी म्हणून चिडवले, तेव्हा पार्वतीने रागाने तप केले आणि कांती पालटून घेतली. मिळाली ती सोन्याची कांती, दुधाची नव्हे. टोमणा नवऱ्याचा आणि तप बायकोने करायचे, ही गोष्ट वेगळीच!

आता पेण-रोह्याकडे पाहा. इकडच्या कित्येक घरांत गौर म्हणजे तेरड्याची रोपे, कुठे पाणवठ्यावरचे खडे. तेरड्याचे पान हिरवे, फूल गुलाबी. खडा सापडेल तसा. यात गोरेपणा कोठे आहे? कुंडलिकाकाठचे भात पिकून पिवळे होते, तो रंगही ‘गौर’च. नाव भातावरून पडले, असे माझे म्हणणे नाही. पण ज्या बाया आषाढात चिखलात उभ्या राहून लावणी करतात आणि त्याच रापलेल्या हातांनी भाद्रपदात गौर घरात आणतात, त्यांच्या देवीचे नाव कातडीच्या रंगाने का मोजावे?