कचऱ्याचा वाद आणि विद्यापीठातल्या बाई

आम्ही बिबवेवाडीतल्या बचत गटाच्या बायका. मध्यंतरी आमच्या गटातल्या दोन मावशींचा हप्ता आला नाही. घरी जाऊन विचारलं, तर त्या कचरा उचलतात त्या सोसायटीने पार्किंगमधली माल निवडायची जागा बंद केलेली. सोसायटी म्हणते, वास येतो. मावशी म्हणतात, निवडायला जागा नाही तर भंगार कसलं विकायचं? खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आम्ही तर भांडायलाच निघालो होतो. पण गटातल्या एक काकू पूर्वी कचरा वेचायच्या. त्या म्हणाल्या, आधी वही घ्या, मग भांडा. ही रीत त्यांनी पाहिली होती.

1990 च्या सुमाराची गोष्ट. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने वस्त्यांमध्ये साक्षरतेचं काम करायला गेल्या. तिथे कळलं, बायकांना अक्षरांच्या आधी उकिरड्याबाहेरचा, वेगळा केलेला कचरा हवाय. मग दारोदारच्या कचऱ्यावर हक्क कुणाचा, गाडीवाल्याचा की वेचणारीचा, हा वाद उभा राहिला. 1993 मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोर म्हणून हटकली जाणारी बाई कार्ड दाखवू लागली. काकूंनी ते कार्ड अजून जपून ठेवलंय!

प्राध्यापक म्हटलं की आम्हाला आधी भाषणच आठवतं. पण या बाईंनी मोजमाप केलं. बायका किती माल उचलतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे 2001 च्या अभ्यासात मांडलं. पुढच्या एक-दोन वर्षांत महापालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेचा करार झाला : घरटी शुल्क बाईला, भंगाराचे पैसेही तिलाच. विद्यापीठ यात तटस्थ पंच नव्हतं, ते उघड बायकांच्या बाजूने होतं. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही. कारण आकडे कुणालाही तपासता येत होते, आणि बोलणी महापालिकेशीच चालू होती.

आम्हीही आठ दिवस वही घातली. दोघी मिळून रोज साधारण 30 किलो सुका माल. वास कुठून येतो तेही पाहिलं. दोन विंगांतून ओला-सुका एकाच पिशवीत येत होता! वही घेऊन चेअरमन काकांकडे गेलो. ते आधी चिडले, मग स्वतः खाली येऊन पिशव्या पाहून गेले. आता सकाळी 9 ते 11 जागा मिळालीय, दिवाळीपर्यंत. मावशींनी फरशी धुऊन द्यायची आणि त्या दोन विंगांनी कचरा वेगळा द्यायचा, असं ठरलंय.

एका विंगने सुरुवात केली. दुसरीकडे रविवारी आम्ही दारोदार जाणार आहोत, वही घेऊनच. मावशींचा राहिलेला हप्ता गटाने पुढच्या महिन्यावर टाकलाय.