बुलेटच्या माहेरी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून परदेशगमनाविषयी आजवर जी व्याख्याने झाली, ती उच्च शिक्षणासाठी, व्यापारासाठी वा मुलाबाळांच्या भेटीसाठी गेलेल्या मंडळींची होती. मी मात्र वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पदरचे पैसे खर्चून, इंग्लंडातील एका ओढ्यात जुनी मोटारसायकल चालविण्याकरिता गेलो. हे ऐकून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी 'म्हातारचळ' असा शब्द योजल्याचे माझ्या कानी आले आहे. मला त्याचा राग नाही. आमच्या घरीही तोच शब्द, किंचित सौम्य स्वरात, योजला गेला होता. तरीही चिटणिसांनी आग्रहपूर्वक मला येथे उभे केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रारंभी माझ्या घरातील एका वस्तूविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यापाशीच येऊन थांबते. माझ्या वडिलांची साडेतीनशे सी.सी.ची बुलेट आमच्या पडवीत उभी आहे. आपल्यापैकी जुन्या मंडळींना ती आठवत असेल. कारखाना बंद करून वडील संस्थेच्या सभेस येत ते तिच्यावरूनच. ते निवर्तल्यास आता बावीस वर्षे झाली. तेव्हापासून मी ती गाडी स्टँडवर लावून वर ताडपत्री घातली. दर दसऱ्यास ताडपत्री काढावी, गाडी पुसावी, झेंडूची माळ घालावी, हळदकुंकू वाहावे आणि पुन्हा झाकून ठेवावी, असा नेम मी चालविला. किक मात्र एकदाही मारली नाही. माझ्या धाकट्या भावाची मुलगी अभियांत्रिकी शिकते. तिने तीन वेळा किल्ली मागितली आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटले. "काका, गाडी आहे की देव आहे?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला चांगलाच रागे भरलो होतो.

आता बुलेटचे कूळ सांगतो. आपण तिला मद्रासची समजतो आणि ते खोटे नाही. १९५५ साली मद्रास येथे कंपनी स्थापन होऊन तेथे ही गाडी होऊ लागली. परंतु तिचे माहेर इंग्लंडातील रेडिच या गावी. मौजेची गोष्ट अशी की माहेरचा हा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७७ साली मद्रासेत घडलेल्या बुलेट इंग्लंडात विक्रीस गेल्या. लेकीने माहेरचे घर चालवावे तसा हा प्रकार झाला. आपण जिला सडकेवरची भारदस्त गाडी समजतो, तिचा पहिला लौकिक मात्र सडकेवरचा नव्हे, तर दगडधोंड्यांतला होता. मागच्या चाकास स्प्रिंगांचा आधार दिलेली बुलेट १९४८ साली पुढे आली, तेव्हा इंग्लंडातील जाणत्या स्वारांनी नाके मुरडली. मागचे चाक चौकटीस घट्ट जखडलेले असेल तरच ते चिखलात पकड घेते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथील आंतरराष्ट्रीय षड्दिवसीय परीक्षेत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी एक व्हिक ब्रिटन. पुढे त्यांचे चिरंजीव जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची षड्दिवसीय परीक्षा बुलेटवरच जिंकली. बापामागून लेकाने तीच गाडी हाती धरावी, हे वाचून मला आमच्या पडवीतील ताडपत्री आठवल्यावाचून राहिली नाही.

येथे 'परीक्षा' हा शब्द मी हेतुतः वापरतो. इंग्रजीत त्यास ट्रायल म्हणतात. शर्यत म्हटली की वेग डोळ्यांपुढे येतो. येथे वेगाला किंमत नाही. ओढ्याचे पात्र, निसरडा चढ, झाडांची मुळे, मोठाले धोंडे अशा ठिकाणी काही वारांचा एक टप्पा आखलेला असतो. उजवीकडे तांबड्या आणि डावीकडे निळ्या खुणा, आणि त्यांमधून गाडी न्यावयाची. पाय जमिनीला लागू द्यावयाचा नाही, एवढाच नियम. एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा वा त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन. आणि गाडी पडली, अडली किंवा खुणांबाहेर गेली तर पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. मला हा खेळ भावला तो या उलट्या हिशेबामुळे. चालण्याच्या वेगाने जाणारा मनुष्य येथे श्रेष्ठ ठरतो आणि घाई करणारा पाण्यात बसतो.

जुन्या गाड्यांसाठी १९६५ ची सीमारेषा का मानतात, तेही सांगितले पाहिजे. १९६४ च्या अखेरपर्यंत या खेळात जड, चार फटक्यांच्या इंग्रजी गाड्यांचे राज्य होते. त्यांतील अग्रणी स्वार सॅमी मिलर यांनी एरियल गाडीवर मोठे यश मिळविले होते. त्यांनीच स्पेनच्या बुल्टाको कंपनीसाठी सुमारे नव्वद किलो वजनाची दोन फटक्यांची हलकी गाडी सिद्ध केली आणि १९६५ साली तिच्यावर स्कॉटलंडची परीक्षा जिंकली. एका वर्षात जुन्या गाड्या अडगळीत गेल्या. गोठ्यांत, कोंबड्यांच्या खुराड्यांत त्या पडून राहिल्या. पुढे काही हौशी मंडळींनी त्या बाहेर काढल्या आणि केवळ १९६५ पूर्वीच्या बांधणीच्या गाड्यांसाठी निराळ्या परीक्षा सुरू केल्या.

प्रवासाच्या तयारीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तरुणांपैकी कोणी जाऊ इच्छील तर उपयोगी पडेल. आपल्या परवान्यावर मोटारसायकलची नोंद हवी. येथील परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. प्रवासविम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, कारण स्पर्धेत हातपाय मोडल्यास भरपाई नाही, असे बहुधा त्यातच कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. घोट्याच्या वर येणारे जाड बूट पायांत घालूनच विमानात बसावे. पेटीत घातले तर वजनाचा हिशेब बिघडतो. बुटांमुळे विमानतळावर मला तीनदा थांबविले, ते निराळे.

माझा पुतण्या लीड्सला नोकरीस असतो. मे महिन्याच्या आरंभी त्याने मला प्रथम स्कॉटलंडात नेले. ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे जाणारी आगगाडी रॅनॉकच्या ओसाड पाणथळीतून जाते. तासभर झाड नाही, घर नाही. आपल्या पठारांवर श्रावणात दिसते तसे पाणी आणि त्यावर गवताचे उंचवटे. फोर्ट विल्यमजवळच्या किनलॉखलेव्हन या गावी जुन्या गाड्यांची परीक्षा भरते. या गावात अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता. त्याच्या विजेसाठी डोंगरावरच्या धरणातून खाली आणलेले जाड नळ अजून दिसतात आणि त्यांच्या कडेने वर जाणारा दगडी चढ 'पाइपलाइन' या नावाने स्वारांत प्रसिद्ध आहे. त्या चढाखाली मी पावसात चार तास उभा होतो. एरियल, मॅचलेस, बी.एस.ए., ट्रायम्फ अशा गाड्या धपधप करीत वर जात. ज्यांची चित्रे मी आयुष्यभर पुस्तकांत पाहिली त्या गाड्या डोळ्यांदेखत दगडांवर आपटत होत्या आणि त्यांचे मालक हसत होते! काही गाड्यांचे केवळ नाव जुने आणि आतील सारे अंग नवे असल्याची कुजबुजही कानी आली. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, एवढेच म्हणतो.

मला स्वतःला चालवावयाचे होते ते यॉर्कशायरमधील एका लहान क्लबच्या परीक्षेत. तेथील एक वृद्ध गृहस्थ पुतण्याच्या ओळखीचे. लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, वय शहात्तर. त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची १९५५ ची बुलेट त्यांनी मला चालविण्यास देऊ केली. माझ्या मनात आले, आपल्या वडिलांच्या गाडीला आपण सख्ख्या पुतणीस हात लावू देत नाही आणि हा मनुष्य सात हजार किलोमीटरवरून आलेल्या परक्याच्या हाती भावाची गाडी देतो. तीही धोंड्यांवर आपटण्यासाठी. मी संकोचाने तसे बोलून दाखविले. त्यांनी मला टाकीजवळ नेले. डावीकडच्या दोन पोच्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा त्याचा आहे आणि हा माझा. उजवी बाजू अजून मोकळी आहे."

गाडी सुरू करताना माझी फजिती झाली. आपण अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणून किक मारणारे लोक. तेथे अ‍ॅमीटरच नाही! मॅग्नेटोची गाडी, आणि हँडलवर ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याची एक लहान तरफ. ठिणगी मागे घेतल्यावाचून किक मारली तर पायाला उलटा तडाखा बसतो, हे मला तडाखा बसल्यावर समजले. एका गोष्टीत मात्र मी कमी पडलो नाही. गिअर उजव्या पायाशी, पहिला वर आणि पुढचे खाली, ब्रेक डाव्या पायाशी. आजच्या गाड्या शिकलेला तरुण येथे गोंधळतो. माझे पाय वडिलांच्याच गाडीवर तयार झालेले. यजमानांनी हे पाहिले आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मागच्या चाकात हवा अवघी पाच पौंड ठेवली, तेव्हा मला पंक्चर झाल्याचाच भास झाला. पण तेच मऊ चाक दगडाला कवटाळून वर चढते.

परीक्षेच्या दिवशी गारठा असा की बोटे वळेनात. कुरणांच्या कडेने, आपल्या कोकणातल्यासारखे, चुन्यावाचून रचलेले दगडी गडगे; पलीकडे मेंढ्या. दहा टप्पे, चार फेऱ्या. प्रत्येक टप्प्याशी निरीक्षक म्हणून क्लबचाच कोणी सभासद हाती कागद घेऊन उभा. एके ठिकाणी तर आजीबाई घडीच्या खुर्चीवर बसून, चहा पीत, माझे टेकलेले पाय निर्विकारपणे मोजीत होत्या. पहिल्या फेरीत मी जवळजवळ प्रत्येक टप्प्यात पाच दंडगुण घेतले. कारण एकच, भीती. गाडी पडेल, टाकी खरवडेल, दुसऱ्याच्या भावाची वस्तू बिघडेल, या धास्तीने मी क्लच दाबी. क्लच दाबला की चाक थांबे, आणि चाक थांबले की पाय टेके.

दुसऱ्या फेरीत, चौथ्या टप्प्यात, ओढ्यातील शेवाळलेल्या पायरीवर पुढचे चाक सरकले आणि मी गाडीसह उजव्या अंगावर पाण्यात पडलो. हँडल फिरून धोंड्यावर आपटले आणि टाकीला सुपारीएवढा पोचा पडला. गुडघ्याच्या कळेपेक्षा त्या पोच्याकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला. यजमान गडग्यावरून उतरून आले. त्यांनी प्रथम माझा गुडघा पाहिला, मग टाकी पाहिली, अंगठ्याने पोचा चाचपला आणि म्हणाले, "आता ती भरली. पुढचा टप्पा गाठ."

त्यानंतर माझ्या हातापायांतील ताठरपणा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. इंजिन जवळजवळ बंद पडेल इतके हळू, धप्... धप्... असे चालत राहिले आणि मी क्लचला हात लावला नाही. शेवटच्या फेरीत तोच चौथा टप्पा मी एकच पाय टेकून पार केला. एकूण एकशे तेवीस दंडगुण झाले आणि माझा क्रमांक शेवटून तिसरा लागला. शेवटच्या दोघांपैकी एकाची गाडी पहिल्याच फेरीत बंद पडली होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ताडपत्री काढली आणि पुतणीस बोलावून घेतले. किक खाली जाईना. बावीस वर्षांत पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. वरून गाडी आरशासारखी आणि आतून गंजलेली. दसऱ्याच्या माळेचा तेथवर काही उपयोग झाला नव्हता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आम्ही वाट पाहत बसलो. पाचव्या दिवशी किक हातभर खाली गेली. नंतर हेड उतरविले, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर धुतला, टाकीतील गंज काढला. वडिलांच्या हातची पाने-पकडींची पेटी पुतणीने स्वतः साफ केली आणि कोणता पाना कोठे लागतो हे मला विचारून विचारून माझा जीव नकोसा केला. सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, गाडी बोलली. आमच्या मातुःश्री आतल्या खोलीत जपाला बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि काही न बोलता परत आत गेल्या.

आता ती गाडी मुलीच्या ताब्यात आहे. पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या वळणावर, सांडलेल्या खडीवर, तिने ती पाडली. टाकीला डावीकडे पोचा आला. मुलगी रडवेली होऊन गाडी ढकलीत घरी आली आणि रंगाऱ्याकडे किती पैसे लागतील ते विचारू लागली. मी तो पोचा अजून काढू दिलेला नाही. गाडी आज बाहेर मांडवाशेजारी उभी आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी, आणि ज्यांना बसून पाहावयाचे असेल त्यांनी किल्ली तिच्याकडे मागावी.